पाटावरचा राग

रत्नागिरीला असताना पळायला कुठे जायचं, हा प्रश्न मला कधी पडला नाही. मांडवीच्या जेटीपासून निघायचं, भाट्याच्या पुलावरून खाडी ओलांडायची, सुरूच्या बनातून वाळूच्या कडेकडेने जायचं आणि परत फिरायचं. दमछाक हवी असेल तर किल्ल्याचा चढ. समुद्र सतत एका हाताला. ज्ञानेश्वरला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, इकडच्या एका साखर कारखान्यात केमिस्टची नोकरी मिळाली आणि आम्ही देवळाली प्रवराला राहायला आलो. पहिल्याच आठवड्यात शेजारच्या बाईंनी मला बुटांच्या नाड्या बांधताना पाहिलं. म्हणाल्या, "सकाळी सकाळी पळता कशाला? कुणी मागं लागलंय का?" आणि हसल्या.

मला राग आला. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं ते सगळं रागाबद्दलच आहे. मी तापट आहे. माझा राग मला नीट ओळखू येतो. तो पोटातून निघतो, कानाच्या पाळ्या तापवतो, आणि त्याला नेहमी काहीतरी कारण असतं. बाई पळताना दिसली की दुचाकी हळू करणाऱ्यांचा मला राग येतो. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या लावून, गाणी ठणाणा लावून, अंगावर आल्यासारखे जाणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यांचा येतो. "जपून हं" असं म्हणणाऱ्यांचा तर सगळ्यात जास्त. मी फिजिओथेरपिस्ट आहे, श्रीरामपूरला एका दवाखान्यात काम करते. शरीरात राग कुठून कुठे जातो हे मला पुस्तकातूनही माहीत आहे आणि अनुभवानेही.

समुद्र नव्हता, म्हणून मी पाणी शोधलं. कालव्याला इथे पाट म्हणतात. पाटाच्या भरावावरून एक कच्चा रस्ता जातो. पाणी सुटलेलं असलं की एका बाजूला मातकट, भरून वाहणारा पाट आणि दुसऱ्या बाजूला तुरे आलेला ऊस. सकाळचं ऊन तिरपं पडलं की ते तुरे रुपेरी दिसतात. वारा आला की सगळं शेत एकदम वाकतं आणि उठतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी थांबलेच. इतक्या दूर, इतक्या कोरड्या मुलखात, लाटा.

मी फोटो टाकले आणि माणसं जमत गेली. श्रीरामपूरचा परवेझ आला. त्याची बेकरी आहे. पहाटेची भट्टी उरकून तो थेट पळायला यायचा, अंगाला खारीचा वास घेऊन. त्याच्याइतका मऊ माणूस मी पाहिलेला नाही. रस्त्यातली गोगलगायसुद्धा उचलून कडेला ठेवायचा. रेश्मा आली. ती राहुरीला नर्स होती, पोरगेली, सतत बडबडणारी. आणखी पाच-सहा जण होते. रविवारी आम्ही पाटावरून पळायचो, मोरी, म्हणजे पाटावरचा छोटा पूल, ओलांडून निलगिरीच्या रांगेपर्यंत जायचो आणि मागे फिरायचो.

मोरी आणि निलगिरी यांच्या मधल्या पट्ट्यात, डाव्या हाताला, काकासाहेबांची पेरूची बाग होती. काकासाहेब सत्तरीचे. धुवट लेंगा-सदरा, हातात कात्री. त्यांनी बागेच्या कडेला येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी पाण्याचा रांजण ठेवला होता. आम्ही दिसलो की हाक मारायचे, "या पोरांनो, पेरू घेऊन जा." त्यांच्या पत्नी केशरबाई मीठ-तिखटाची वाटी घेऊन बाहेर यायच्या. गावात कुणीही त्यांच्याबद्दल वावगं बोललं नसतं. कुणाच्या लेकीचं लग्न असो की कुणाचं दवाखान्याचं काम, काकासाहेब पुढे.

डिसेंबरात एका रविवारी, त्या पट्ट्यात, परवेझने हातातली पाण्याची बाटली रस्त्यावर इतक्या जोरात आपटली की ती फुटली.

आम्ही सगळे थांबलो. तो स्वतःच्या हाताकडे बघत होता.

"काय झालं रे?"

"माहीत नाही, ताई." त्याचा चेहरा लाल झाला होता. "राग आला."

"कुणाचा?"

त्याने नकारार्थी मान हलवली. मी न समजल्यासारखं केलं, पण मला ते समजलं होतं, कारण त्याच वेळी मलाही राग आला होता. आणि तो माझा नव्हता.

हे सांगणं अवघड आहे. माझा राग पोटातून येतो. हा बाहेरून येत होता, डावीकडून. चुलीशेजारी बसलं की एकच गाल तापतो, तसा. मी कशावर चिडले होते ते आठवायचा प्रयत्न केला. काहीच नव्हतं. झोप छान झाली होती, हवा गार होती, दम लागत नव्हता. तरी माझ्या मुठी आवळल्या होत्या आणि दात एकमेकांवर घट्ट बसले होते. निलगिरीपाशी पोचल्यावर ते सगळं ओसरलं. परत येताना पुन्हा आलं. या वेळी उजवीकडून.

घरी आल्यावर ज्ञानेश्वरला सांगितलं. तो शांत माणूस. माझा कुठलाही राग तो चहाच्या कपासारखा हातात घेतो आणि बाजूला ठेवतो. म्हणाला, "उपाशीपोटी पळता. रक्तातली साखर खाली जाते, माणूस चिडचिडा होतो. खजूर खाऊन जा."

आम्ही खजूर खाल्ले. मोरी ओलांडली आणि रेश्मा, जी पळतानाही गप्प बसत नसे, ती गप्प झाली. मग दातओठ खात म्हणाली, "एवढी वर्षं."

"काय एवढी वर्षं?" मी विचारलं.

"काय?"

"तू आत्ता म्हणालीस, एवढी वर्षं."

"मी कुठं काय म्हणाले?" तिने परवेझकडे पाहिलं. परवेझ खाली बघत पळत होता. त्यानेही ऐकलं होतं.

मी डोक्याने चालणारी बाई आहे. एकटी जाऊन पाहिलं. सकाळी गेले, कामावरून लवकर सुटून दुपारी गेले. पळत गेले, चालत गेले, एकदा ज्ञानेश्वरची गाडी घेऊन गेले. गाडीत काही होत नव्हतं. चालताना थोडंसं. पळताना, छाती भरून यायला लागली की, तो राग झोत सोडल्यासारखा यायचा. दिशा ठरलेली होती. मोरीपासून जरा तिरका, मग बरोबर काटकोनात, मग मागून. म्हणजे तो एका जागी होता आणि मी त्याच्या बाजूने जात होते. ती जागा बागेच्या मागे होती. काकासाहेबांचं घर.

आणि तो राग त्या घरातून येत नव्हता. एवढं कळायला मला बराच वेळ लागला. तो त्या घराकडे जात होता. आम्ही फक्त वाटेत यायचो.

बांधावर गोजरबाई शेळ्या चारायच्या. म्हाताऱ्या, पण नजर तीक्ष्ण. त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि सरळ विचारलं, "मावशी, इथं काही झालं होतं का? कुणी गेलं, बुडालं, असं काही?"

"न्हाई बाई. पाटात म्हस पडली हुती एकदा. ती बी निघाली."

"भांडण? जमिनीवरून, पाण्यावरून?"

"भांडणं कुठं न्हाईत? पर काकासाहेबाचं कुनाशी न्हाई. लई गरीब मानूस." मी काकासाहेबांचं नावही घेतलेलं नव्हतं. गोजरबाई जरा जवळ सरकल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "तुमाला बी राग येतो व्हय हितं?"

मी हो म्हटलं.

"मला वाटायचं, मला सुनंचा येतो. किती वर्सं तिला शिव्या घातल्या मी हितं बसून. आता ती पुन्याला ऱ्हायला गेली. तरी येतोच." त्यांनी शेळीच्या पाठीवर हात फिरवला. "मग मी म्हनलं, ह्यो आपला न्हाईच."

मला कुणीतरी मेलेलं हवं होतं, हे मी तेव्हा मान्य केलं. एखादी हरवलेली पोर, एखादा दाबलेला गुन्हा. म्हणजे त्या रागाला कारण मिळालं असतं आणि तो मला पटला असता. पण काहीच नव्हतं. मी बऱ्याच जणांना विचारलं. मी काकासाहेबांच्या ओसरीवर बसून पेरू खाल्ला, त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. त्यांनी माझ्या आईवडिलांची चौकशी केली, गुडघा दुखतो म्हणून व्यायाम विचारून घेतला. मी त्यांचा पाय हातात धरून दाखवला. हाडं हलकी, कातडी मऊ. त्यांच्या अंगणात मला कसलाच राग आला नाही. परत येऊन पाटावर चढले, पळायला लागले, आणि मला त्या माणसाला अंगणात ओढून आणावंसं वाटलं. माझे डोळे भरून आले इतका तो राग होता. आणि माझ्याच डोळ्यांत आलेल्या दुसऱ्याच्या पाण्याचा मला स्वतःचा असा वेगळा राग आला.

सव्वीस जानेवारीला आम्ही सकाळची दौड ठेवली होती. राहुरी, श्रीरामपूर, देवळाली, सगळीकडून माणसं येणार होती. मी मार्ग बदलला. पाटाचा तो पट्टा पूर्ण वगळला. मोरीच्या बऱ्याच अलीकडे रस्ता फुटतो, तिथून उजवीकडे वळून गावाच्या बाजूने शाळेपर्यंत. फाट्यावर चुन्याचा मोठा बाण काढला. परवेझ आणि रेश्माला विचारून केलं. दोघांनाही हायसं वाटलं.

सकाळ स्वच्छ होती. सगळ्यांच्या छातीवर कागदी तिरंगे. शाळेच्या कर्ण्यावरची गाणी पाटावर ऐकू येत होती, मळीचा वास होता, पाट काठोकाठ भरून वाहत होता. माणसं हसत, फोटो काढत पळत होती. मी मधे होते.

फाटा आला. पुढचे पळणारे बाणावरून सरळ गेले.

मी ओरडले, "उजवीकडे! उजवीकडे वळा!"

कुणी वळलं नाही. हसणं थांबलं होतं. एवढ्या माणसांच्या पायांचा आवाज येत होता आणि तो हळूहळू एक होत गेला. मी त्यांना अडवायला जोरात पळाले. तीच माझी चूक झाली. छाती भरून आली आणि मोरीच्या कितीतरी अलीकडे, जिथे आधी कधीच काही झालं नव्हतं, तिथे तो राग माझ्यात शिरला.

त्यानंतर मी कुणाला अडवलं नाही.

आम्ही भराव उतरलो. पेरूच्या झाडांमधून गेलो. फांद्या तोंडावर लागत होत्या. परवेझ माझ्या शेजारी होता. त्याच्या गालावर ओरखडा उठला होता आणि तो रडत होता.

काकासाहेब ओसरीवर होते. शाळेत झेंडावंदनाला जायचं म्हणून कडक इस्त्रीचा सदरा, डोक्यावर टोपी. बशीत चहा ओतत होते.

आम्ही अंगणात उभे राहिलो. फक्त श्वास.

त्यांनी वर पाहिलं. एकेका चेहऱ्याकडे पाहिलं. घाबरले नाहीत. 'काय पाहिजे' असं विचारलं नाही, 'या' म्हणाले नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावरचं काहीतरी हळूच खाली उतरलं, आणि मागे मी कधी न पाहिलेला एक माणूस उरला.

"कुणी सांगितलं तुम्हाला?" त्यांनी विचारलं.



केशरबाई दारात आल्या. "अहो, काय सांगितलं? कशाबद्दल?"

त्यांनी बायकोकडे पाहिलं नाही. बशी खाली ठेवली. टोपी काढून बशीशेजारी ठेवली. पायऱ्या उतरले. आम्ही बाजूला झालो. ते आमच्यामधून, अनवाणी, बागेतून पाटाकडे गेले.

आणि राग गेला. नळ बंद केल्यासारखा. आम्ही एका भल्या माणसाच्या अंगणात घामाघूम उभे होतो. कुणीतरी झेंडूचं रोप तुडवलं होतं. दूर शाळेत राष्ट्रगीत सुरू झालं, आणि काय करावं ते न कळून आम्ही सावधान उभे राहिलो.

काकासाहेब परत आले नाहीत.

धरणातून सोडलेलं पाण्याचं आवर्तन बंद करून पाट तळापर्यंत पाहिला. विहिरी पाहिल्या, ऊस पाहिला. एका ट्रॅक्टरवाल्याने त्यांना निलगिरीपाशी पाहिलं होतं. एकटेच होते, पण मान खाली घालून, कुणीतरी शेजारून बोलतंय आणि आपण ऐकून घेतोय, तसे चालत होते, असं तो म्हणाला. राहुरीच्या पोलिसांनी आम्हाला एकेकाला विचारलं. "तुम्ही त्यांना काय बोललात?" काही नाही. "मग गेला कशाला होतात तिथं?" रस्ता चुकलो. सगळ्यांनी हेच सांगितलं. न ठरवता.

गावाने मात्र निकाल लावला. पळणाऱ्यांनी म्हाताऱ्याला घालवलं. मी बाजारात गेले की माणसं पाठ फिरवायची. एक बाई माझ्या पायांसमोर थुंकली. मला राग आला, माझा, पोटातून आलेला, आणि मी सांगते, मला त्या रागाने बरं वाटलं. रेश्माने फोन उचलणं बंद केलं. परवेझ एकदा दवाखान्यात आला, नानकटाईचा पुडा टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "ताई, मी आता पळणार नाही." मी पण बंद केलं होतं. बूट माळ्यावर टाकले.

केशरबाई सगळ्यांना एकच विचारायच्या. "तुम्हाला काय कळलं असं त्यांना वाटलं?" मला त्यांनी रस्त्यात धरून विचारलं.

"काकू, खरंच मला माहीत नाही."

"पन्नास वर्षं मी त्यांच्याबरोबर राहिले. मला माहीत नाही, आणि तुम्हाला माहीत आहे. तुम्ही कालच्या आलेल्या." त्यांचा हात माझ्या दंडावर घट्ट रुतला होता. "कसं कळलं, तेवढं तरी सांगा."

मी सांगायला नको होतं. पण त्या बाईला काहीतरी देणं भाग होतं. म्हणून म्हटलं, "पाटावरून पळताना राग यायचा. बास, एवढंच."

त्यांनी माझा हात सोडला.

मार्च उजाडल्यावर गोजरबाईंनी मला बसस्टॉपवर गाठून सांगितलं. केशरबाई पाटावरून पळतात. रोज सकाळी. लुगड्याचा काचा मारून, अनवाणी. आधी चार पावलं पळायच्या आणि बसायच्या. आता थांबतच नाहीत. "येडी झाली म्हनत्यात," गोजरबाई म्हणाल्या. "पर तशी दिसत न्हाई. कायतरी ऐकत असल्यावानी पळती."

"घराकडे पळतात का? त्यांच्या घराकडे?"

"न्हाई. घर मागं पडतं. गावाकडं येती."

त्यानंतरच्या रविवारी सकाळी मी अंगणात कपडे वाळत घालत होते. ज्ञानेश्वर आत चहा पीत पेपर वाचत होता. फाटकाबाहेर पायांचा आवाज आला आणि थांबला.

केशरबाई उभ्या होत्या. लुगडं गुडघ्यापर्यंत धुळीने माखलेलं, टाचा फुटलेल्या, केस सुटलेले. छाती भात्यासारखी वरखाली होत होती. मी तो चेहरा ओळखला. तो मी त्या अंगणात सगळ्यांचा पाहिला होता.

मी फाटकाशी गेले. 

"काकू, पाणी देऊ?"

मान हलली. नाही.

"राग येतोय?"

"येतोय."

"माझा?"

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत माझ्याबद्दल राग नव्हता. कणव होती. मग ती नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे, उघड्या दारातून घरात गेली आणि तिथेच थांबली.

आतून ज्ञानेश्वरने विचारलं, "कोण आलंय गं?"

"केशरबाई," मी म्हटलं.

पेपराची घडी घातल्याचा आवाज आला. खुर्ची सरकली. मग स्वयंपाकघरातल्या मागच्या दाराची कडी निघाली. त्या दाराने आम्ही कधी जात नाही. त्याच्यापलीकडे रस्ता नाही, फक्त ऊस आहे.

उसाची पानं बाजूला होत गेल्याचा आवाज मला कितीतरी वेळ ऐकू येत होता.